वाट पाहणारी मरिया

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो आणि तेथून २४ डिसेंबरच्या सायंकाळपर्यंतच्या काळाला कॅथलिक परंपरेत आगमनकाळ असे म्हणतात; नाताळ सोमवारी आला की हा काळ अवघ्या २२ दिवसांत आटोपतो, रविवारी आला की पुरते २८ दिवस चालतो. या दिवसांत मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, एरवी रविवारी गायले जाणारे देवाच्या गौरवाचे स्तोत्र गाळले जाते आणि फक्त तिसऱ्या रविवारी, प्रतीक्षेचा बराचसा पल्ला सरल्याच्या आनंदात, गुलाबी वस्त्रांची मुभा असते. उपासनेतील वाचनांचा रोख १६ डिसेंबरपर्यंत मुख्यतः युगान्ती होणाऱ्या ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे वळतो. एक जन्म होऊन गेला आहे आणि एक येणे अजून बाकी आहे, या दोहोंच्या मध्ये उभे राहून वाट पाहायला शिकवणे हे या काळाचे प्रयोजन होय.

हा धडा चर्चने जिच्या आधारे गिरवायला सांगितला ती व्यक्ती म्हणजे गर्भवती मरिया. पोप सहावे पॉल यांनी २ फेब्रुवारी १९७४ रोजी मरियाभक्तीविषयी जे प्रबोधनपत्र काढले, त्यात आगमनकाळ हा मरियेच्या भक्तीला विशेष अनुकूल काळ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. असे असूनही वसईपासून मुंबईमार्गे गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांकडे, म्हणजे एकेका चर्चच्या छत्राखाली नांदणाऱ्या श्रद्धावंतांच्या वस्त्यांकडे पाहिले, तर मरियाभक्तीला खरे उधाण येते ते सप्टेंबरात. डिसेंबरात, जो महिना सर्वांत अधिक तिचा, ती बहुतेक ठिकाणी गोठ्याच्या देखाव्यातील मूर्तींपैकी एक होऊन राहते. मागण्याची आणि वाट पाहण्याची अशा भक्तीच्या दोन तऱ्हांपैकी पहिलीने दुसरीला मागे सारल्याची ही खूण आहे, आणि त्या मागे पडलेल्या तऱ्हेचे मोल समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली तऱ्हा वांद्र्याच्या टेकडीवर पाहायला मिळते. तेथील माउंट मेरी चर्चमधील मरियेला कोळी समाज 'मोत माउली' म्हणतो. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला मानला जातो आणि त्यानंतरच्या रविवारपासून तेथे आठवडाभर जत्रा भरते. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मेणाच्या आकृतींची दुकाने मांडलेली असतात: ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, ज्याला घर हवे तो मेणाचे घर, आणि मूल होत नसलेले जोडपे मेणाचे बाळ. ती वस्तू मरियेपुढे अर्पण केली की मागणे तिच्या कानी घातले गेले. येणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमान असे सारेच असतात, आणि नवस बोलणे, नवस फेडणे, माउलीला साकडे घालणे ही भाषा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. सुशिक्षित धर्मगुरूंनी आणि त्याहून सुशिक्षित टीकाकारांनी या मेणाच्या बाजाराकडे पाहून नाक मुरडावे असे त्यात काही नाही. ज्याला दुसरा आधार उरलेला नाही त्याने आईकडे धाव घ्यावी, हे ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत नाही. काना या गावातील लग्नात द्राक्षारस संपल्याचे येशूच्या कानावर घालणारी मरियाच होती.

मात्र या सप्टेंबरच्या सणाचे मूळ डिसेंबरात आहे, याची जाणीव जत्रेला जाणाऱ्या कॅथलिकांतही थोड्यांनाच असते. ८ सप्टेंबरपासून नऊ महिने मागे गेले की ८ डिसेंबर येतो आणि त्या दिवशी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण असतो. २५ मार्चला देवदूताचा निरोप आणि २५ डिसेंबरला येशूचा जन्म, हाच हिशेब येथेही लावलेला आहे. या सणाच्या नावाने मोठा गोंधळ होतो. मरियेने पुरुषसंबंधाविना येशूला गर्भात धारण केले, त्या घटनेचा हा सण असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो मरिया स्वतः तिची आई हन्ना हिच्या पोटी राहिली त्या क्षणाचा आहे, आणि आदिपापाचा, म्हणजे मानवजातीला जन्मतःच चिकटलेल्या पापाच्या वारशाचा, स्पर्श त्या क्षणापासून तिला झाला नाही अशी त्यामागील शिकवण आहे. मध्ययुगात या प्रश्नावर फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संघांच्या विद्वानांत दीर्घ वाद चालला. सर्वांनाच तारणाची गरज असेल तर मरिया त्यातून वगळली कशी, असा डॉमिनिकनांचा आक्षेप होता. तिलाही ख्रिस्तानेच तारले, पण पडल्यावर उचलून नव्हे तर पडण्याआधी सावरून, असे उत्तर फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ डन्स स्कोटस याच्या परंपरेने दिले. अखेर ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी ही शिकवण धर्मसिद्धान्त म्हणून घोषित केली.

पोर्तुगालने मात्र रोमच्या घोषणेची वाट पाहिली नव्हती. राजा चौथा जुआंव याने १६४६ मध्येच निष्कलंक मरियेला राज्याची संरक्षक मानून आपला मुकुट तिला वाहिला आणि त्यानंतरच्या पोर्तुगीज राजांनी डोक्यावर मुकुट धारण केला नाही. पणजीच्या चौकात पांढऱ्याशुभ्र नागमोडी पायऱ्यांवर उभे असलेले चर्च याच मरियेचे आहे आणि ८ डिसेंबरचे त्याचे फेस्त आजही पणजी शहराचा मोठा उत्सव आहे. तथापि गोव्याच्या आगमनकाळाचे एक दुखणे आहे: जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, ३ डिसेंबरला त्याचे फेस्त असते, पाच दिवसांनी पणजीचे. जांभळ्या रंगाचा काळ सुरू होतो तोच फेरीवाले, खाजे, खेळणी आणि रोषणाई यांच्या गजबजाटात. उपवासाचे सोडा, शांततेलाही जागा उरत नाही.

आगमनकाळातील मरियेचे सर्वांत जुने आणि सर्वांत विस्मृत रूप १८ डिसेंबरच्या सणात होते. २५ मार्च हा देवदूताच्या निरोपाचा दिवस बहुधा ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो आणि झाकोळला जातो, म्हणून स्पेनमधील टोलेडो येथे ६५६ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने तो सण नाताळाच्या आठ दिवस आधी साजरा करण्याचे ठरवले. पुढे तोच प्रतीक्षेच्या मरियेचा सण झाला. १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळी सायंप्रार्थनेतील मरियेच्या स्तोत्राआधी आणि नंतर जी लहान पदे गातात, ती सारी 'ओ' या संबोधनाने सुरू होतात; त्यावरून पोर्तुगीजांनी या मरियेला 'ओ ची माता' असे लाडके नाव दिले. तिच्या मूर्ती पोट पुढे आलेल्या, एक हात गर्भावर ठेवलेल्या असत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या वादळानंतर कॅथलिक चर्चमध्येच शिष्टतेचे वारे वाहू लागले, तेव्हा अशा कितीतरी मूर्ती अनुचित ठरून बाजूला पडल्या. हे एक मोठे नुकसान झाले. देवाची आई गरोदर दिसू नये, ती थेट बाळ कडेवर घेऊनच दिसावी, असे ठरवणाऱ्यांनी आगमनकाळाचे चित्रच पुसून टाकले. ज्या समाजात पोटुशीला हिरवी साडी नेसवून, फुलांनी मढवून डोहाळजेवण केले जाते, त्या मराठी समाजात तरी ही मूर्ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. तरीही आपल्याकडे ती रुजली नाही. भारतात तिची खूण पाहायची तर चेन्नईच्या संत थॉमस टेकडीवर जावे लागते. पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये तेथे बांधलेले चर्च प्रतीक्षेच्या मातेला वाहिलेले आहे आणि त्याच्या वेदीत पहलवी अक्षरे कोरलेला प्राचीन दगडी क्रूस बसवलेला आहे.

या प्रतीक्षेत मरिया नेमके काय करते, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. गॅब्रिएल हा देवदूत आधी वृद्ध याजक जखऱ्या याच्याकडे येतो आणि नंतर नाझरेथच्या मरियेकडे. दोघेही त्याला प्रश्न विचारतात. जखऱ्या खातरजमा मागतो आणि मुका होतो. मरिया हे घडणार कसे असे विचारते आणि तिला उत्तर मिळते. होकार देण्याआधी विचारणा करणारी ही तरुणी नवसाच्या देवळातील मूक मूर्तीहून बरीच वेगळी आहे. त्यानंतर ती घरात बसून राहत नाही. डोंगराळ मुलुखात राहणाऱ्या, सहा महिन्यांच्या गर्भवती नातलग एलिझाबेथकडे ती लगबगीने जाते आणि सुमारे तीन महिने तिच्याकडे राहते. सहा आणि तीन यांची बेरीज ज्याला जमते त्याला ती कोणत्या कामासाठी थांबली असेल हे सांगावे लागत नाही. तेथेच तिच्या तोंडी जे स्तोत्र येते, त्यात देव सत्ताधीशांना आसनांवरून खाली खेचतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांना पोटभर देतो आणि धनिकांना रित्या हातांनी वाटेला लावतो. चर्च हे स्तोत्र दररोज सायंप्रार्थनेत म्हणते. रोज म्हटल्यामुळे त्याची धार बोथट झाली असावी. सहावे पॉल यांच्या त्याच पत्रात मरिया ही दबून राहणारी स्त्री नव्हती, दारिद्र्य, पलायन आणि परागंदा होणे सोसलेली ती खंबीर स्त्री होती, असे नोंदवलेले आहे. धर्मग्रामांतील प्रवचनांत तिच्या नम्रतेचे जितके गोडवे गायले जातात, त्याच्या चतुर्थांशाने तरी या स्तोत्रावर बोलले जावे.

धर्मग्रामाचा प्रत्यक्ष डिसेंबर मोठा धावपळीचा असतो. चर्चमध्ये आगमनचक्र मांडले जाते. हाताशी असलेल्या सुरूच्या किंवा अशोकाच्या फांद्यांचे कडे, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, आणि दर रविवारी एकेक पेटवायची. ही प्रथा मुळात प्रोटेस्टंट असून हॅम्बुर्गच्या एका अनाथाश्रमात योहान विखर्न या पाळकाने १८३९ मध्ये मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत म्हणून ती सुरू केली, हे तिला मायेने जपणाऱ्या कॅथलिकांना सांगितले तर ते चकित होतात. घरोघरी छोट्या ताटल्यांत नाचणी किंवा भात पेरला जातो, त्याचे हिरवे कोंब गोठ्याच्या देखाव्यात गवत म्हणून मांडायचे असतात. गव्हाणीतील बाळाची जागा २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते. वाट पाहण्याचा अर्थ लहान मुलाला कळावा यासाठी या रिकाम्या गव्हाणीइतके दुसरे चांगले साधन नाही, आणि हल्ली बाळासह संपूर्ण संच डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मांडून मोकळे होण्याची जी घाई दिसते, ती म्हणूनच खटकते. जोडीला नेवऱ्या, कलकल, दोदोल असे गोडधोड, गायनवृंदाच्या तालमी, पापनिवेदनासाठी लागलेल्या रांगा. एकेकाळी लग्ने या काळात होत नसत. १९१७ च्या धर्मनियमसंहितेने आगमनकाळात समारंभपूर्वक विवाहाशीर्वादाला मनाई केली होती, १९८३ च्या संहितेत ते कलम राहिले नाही, तरी जुन्या वळणाची कुटुंबे लग्नाची तारीख नाताळानंतरचीच धरतात.

या सगळ्याचा भार बायकांवर असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. वाडीवाडीतून चालणाऱ्या शेजारगटांत जपमाळेची प्रार्थना चालवणे, मरियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचवणे, आजाऱ्याच्या घरी डबा नेणे ही कामे त्याच करतात. एलिझाबेथच्या घरी मरियेने तीन महिने जे केले, त्याच्याशी या कामांचे नाते थेट आहे. पण त्याला भक्ती म्हणून ओळखले जात नाही, मदत म्हणून गृहीत धरले जाते.

मराठीत या प्रतीक्षेची सर्वांत मोठी मांडणी चारशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत आणि त्यातील दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आहे; पहिल्या भागात, म्हणजे चार हजारांहून अधिक ओव्यांत, सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांची कथा सांगितली आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांना नायक भेटण्याआधी इतका काळ थांबवून ठेवणारा कवी आगमनकाळाचे मर्म जाणत होता, असेच म्हणावे लागते. पुराण ऐकायला बसलेल्या श्रोत्याला कथेची घाई नसते, हा मराठी श्रवणपरंपरेचा गुण त्याने अचूक हेरला. आज वसई धर्मप्रांतात, जेथे उपासना मराठीत चालते आणि कोणाला नवे काही शिकवायचे नाही, तेथे आगमनकाळात या पहिल्या पुराणाचे वाचन धर्मग्रामांतून व्हायला काय हरकत आहे?

वांद्र्याची जत्रा आहे तशी चालू राहावी. तिच्यावर टीका करून डिसेंबर सुधारणार नाही. करायला हवे ते इतकेच, की शेजारगटांनी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जपमाळेला जोडून शुभवर्तमान उघडावे. चर्चच्या वाचनक्रमात २० डिसेंबरला देवदूताचा निरोप, २१ ला एलिझाबेथची भेट आणि २२ ला मरियेचे स्तोत्र ठरवून दिलेले आहे. त्या तीन दिवसांच्या मिस्साला बाके रिकामी असतात, कारण बाकीचा गाव खरेदीला गेलेला असतो. दिवाळी अंक वाचून हातावेगळा होईपर्यंत आगमनकाळाचा पहिला रविवार उंबरठ्यावर येईल. यंदा त्या तीन तारखा कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवाव्यात. त्यासाठी बिशपांची परवानगी लागत नाही आणि नवे पुस्तकही छापावे लागत नाही.