सोलापूरनं कुणाला सामावून घेतलं?

लहान शहरात माणुसकी जास्त, हे आपण इतक्या सहज बोलतो की ते तपासून पाहावंसं कुणालाच वाटत नाही. नव्या माणसाला शेजारी चहाला बोलावतात, दुकानदार दुसऱ्याच खेपेला नावानं हाक मारतो, परक्या ठिकाणी या गोष्टींचा आधार मोठा असतो. पण हा झाला पाहुणचार. पाहुणा चार दिवसांनी जाणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. जो कायमचा राहायला आला, त्याला शहर काय देतं हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचं उत्तर कळायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. सोलापूरला तेवढ्या पिढ्या मिळाल्या आहेत.

१८७७ साली इथे कापडगिरणी सुरू झाली, तिला सोलापूरकर आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या, हातमाग वाढले, नंतर यंत्रमाग आले. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली विणकर दुष्काळाला आणि कर्जाला कंटाळून कुटुंबकबिल्यासह इकडे आले. शहरानं त्यांना बोलावलेलं नव्हतं. मागाला हात हवे होते आणि यांना काम हवं होतं, एवढाच तो व्यवहार. सोलापूरच्या उदार मनाची गोष्ट सांगताना आपण हा व्यवहार विसरतो. पोटाला काम मिळालं म्हणून माणसं टिकली, आणि टिकली म्हणून शेजारी झाली.

त्यानंतर जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. शहराच्या पूर्व भागात या लोकांनी घरात तेलुगू जपली, मार्कंडेयाचं मंदिर उभारलं, शाळा काढल्या, सहकारी रुग्णालय चालवलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ती एका समाजाची मिरवणूक राहत नाही. आपली भाषा सोडा, आपला देव लपवा, मगच तुम्ही इथले, अशी अट कुणी घातली नाही. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतूनही चालल्या. आणि १९८० ते १९९८ या काळात गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ असे तीन पद्मशाली खासदार सोलापूरनं लागोपाठ लोकसभेत पाठवले. दुष्काळातून पळून आलेल्यांच्या नातवंडांनी दिल्लीत या शहराच्या वतीनं बोलावं, याला मी सामावून घेणं म्हणतो.

सोलापूरच्या एकोप्याचा दाखला म्हणून नेहमी चार हुतात्म्यांची नावं घेतली जातात. स्वातंत्र्यलढ्यात इंग्रजांनी १९३० साली शहरात पुकारलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. शहर कसं घडलं हे ही नावं सांगतातच. तरीही मला मतपेटीचा दाखला अधिक खात्रीचा वाटतो. बलिदान करणाऱ्याला त्याचं मूळ गाव कुणी विचारत नाही, ते उमेदवारी मागणाऱ्याला विचारतात.

याच शहराची दुसरी बाजू मात्र तारेच्या कुंपणाआड होती. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला, अशा जमातींची मोठी वसाहत सरकारनं सोलापुरात केली. तेही बाहेरून आलेलेच, पण आणून ठेवलेले. त्यांचे हातही गिरण्यांना हवेच होते. फरक इतकाच, की कामावरून सुटलेला विणकर आपल्या घरी जायचा आणि यांना हजेरी द्यायला कुंपणाच्या आत जावं लागायचं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. त्या भागाला मात्र अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात, आणि तिथल्या पोराला पोलिसाच्या नजरेला तोंड द्यावं लागतं ते वेगळंच. एकाच काळात, एकाच शहरात, एकाच कामावर आलेल्या दोन समूहांच्या वाट्याला इतकी वेगळी आयुष्यं आली. सोलापूरकरांचा स्वभाव दोघांसाठी सारखाच होता. कायदा वेगळा होता, घर वेगळं होतं, संस्था काढायची मोकळीक एकाला होती आणि दुसऱ्याला नव्हती. म्हणून शहराच्या स्वभावाचं कौतुक मला अपुरं वाटतं.

घराचा प्रश्न तर पद्मशालींचाही सुटला नव्हता. विड्या वळणाऱ्या हजारो बायका, त्यांतल्या कितीतरी तेलुगू घरांतल्या, एका खोलीत संसार आणि पानांची टोपली घेऊन बसायच्या. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या दीर्घ लढ्यानंतर कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत त्यांना दहा हजार घरं मिळाली, ती २००६ साली. हक्काचं छप्पर ही लहान गोष्ट नाही. पण ते शहराबाहेर मिळालं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आज मोठ्या गिरण्या बंद आहेत, आणि सोलापूरची शिकलेली मुलं पुण्याला जातात. ज्या गाडीनं जातात तिचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. तरी येणारे येतातच. बदलीवर आलेली परिचारिका, विद्यापीठात शिकायला आलेली धाराशिवची मुलगी, बांधकामावरचा बिहारी मजूर. भाड्यानं खोली मागायला गेल्यावर त्यांना आधी आडनाव विचारलं जातं, मग घरात काय शिजतं ते, मग लग्न झालंय का. आडनाव मुसलमानी किंवा दलित असेल तर खोली नुकतीच दिली गेलेली असते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, पाणी कधी येणार हे सांगणारा शेजारी नसेल तर नव्या माणसाचे हाल होतात. ओळख असेल तर सगळं सोपं, नसेल तर दार बंद, हा लहान शहरांचा खरा दोष आहे. मोठ्या शहरात कुणी विचारपूस करत नाही, पण म्हणूनच ओळखीवाचूनही निभावतं.

यावर चांगुलपणाचं आवाहन करून भागणार नाही. महापालिकेनं नोकरदार बायकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी स्वतःची वसतिगृहं बांधावीत आणि तिथे आडनावाचा रकाना फक्त नोंदीपुरता असावा. बांधकामावरच्या मजुरांची मुलं शाळेत आली तर त्यांची हिंदी समजून घेऊन मराठी शिकवणारे शिक्षक नेमावेत. चार भाषांतून शाळा चालवण्याचा अनुभव ज्या महापालिकेच्या गाठीशी आहे, तिला हे अवघड नाही. भाडेकराराची नोंद सोपी आणि स्वस्त करावी, म्हणजे रेशनकार्ड आणि मतदारयादीत नाव घालायला घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागणार नाही. यातली पहिली मागणी कुणीतरी येत्या अंदाजपत्रकाआधी सभागृहात मांडावी, आणि मांडणाऱ्यांत पूर्व भागातले नगरसेवक पुढे असावेत. त्यांचे आजोबा याच शहरात माग मागत आले होते.