आधी न्याहारी, मग प्रश्न



सोमवार ते शनिवार आपली सकाळ कशी असते, हे मी सांगायला नको. कुणाला डोंबिवलीहून फास्ट लोकल गाठायची असते, कुणाला मुलांचे डबे भरायचे असतात, कुणी रात्रपाळी करून त्याच वेळी घरी येत असतो. या धावपळीत एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात मोबाइल! कप रिकामा होतो, पण आपण कॉफी प्यायलो हे पुष्कळदा आठवतही नाही.

हा दोष माझाही आहे. एकदा सकाळच्या मिस्सानंतर आपल्यातील एक वयस्कर गृहस्थ मला भेटायला आले. मी त्यांना कॉफी दिली, स्वतःही घेतली आणि मोबाइलवरचे निरोप वाचत बसलो. मधूनमधून 'हो, हो' म्हणत होतो. दहा मिनिटांनी ते उठले, 'येतो फादर' म्हणाले आणि गेले. पुढच्या आठवड्यात कळले की, आदल्याच दिवशी त्यांच्या पत्नीला गंभीर आजार असल्याचे निदान झाले होते. तेच सांगायला ते आले होते.

मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. बाईंनी माझ्यासाठी कॉफी करायला घेतली. त्यांच्याकडे स्टीलचा फिल्टर आहे. वरच्या भांड्यात कॉफीची पूड, तीवर उकळते पाणी, आणि मग वाट पाहायची. डिकॉक्शन थेंब थेंब खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तिथे घाई चालत नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत दोघांनी मला सगळे सांगितले. मी फक्त ऐकत होतो. (त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.)

घरी परतताना मला योहानच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवला. शिष्यांनी रात्रभर जाळी टाकली, पण हाती काही लागले नाही. पहाटे पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर उभा होता. प्रभूच्या शब्दावरून त्यांनी पुन्हा जाळे टाकले आणि ते माशांनी भरले. किनाऱ्यावर येऊन पाहतात तर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि भाकर. प्रभूने दमलेल्या माणसांसाठी न्याहारी तयार ठेवली होती! त्यांत पेत्रही होता. असाच कोळशाचा विस्तव शेकत असताना त्याने काही दिवसांपूर्वी प्रभूला नाकारले होते. प्रभूला त्याच्याशी त्याबद्दल बोलायचे होतेच. पण आधी न्याहारी झाली, मग प्रश्न आला: तू माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि त्यानंतर लगेच मेंढरे सांभाळण्याची जबाबदारी.

हा क्रम आपण लक्षात ठेवावा. आपल्या सकाळी प्रश्नच आधी येतात. ऑफिसचा निरोप, बँकेचा हप्ता, शाळेची फी, सोसायटीचे भांडण. डोळे उघडताच ते मोबाइलवर हजर असतात. प्रभूने मांडलेल्या न्याहारीजवळ आपण बसतच नाही.

थांबणे आपल्याला अगदीच नवे नाही. 1953 सालापर्यंत कम्युनियन घेणाऱ्याला मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. पुढे पोप पायस बारावे यांनी तो नियम सौम्य केला. 21 नोव्हेंबर 1964 रोजी पोप पॉल सहावे यांनी हा उपवास कम्युनियनपूर्वी एका तासावर आणला. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, 2 डिसेंबरला, ते युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत आले होते. तो दिवस पाहिलेले ज्येष्ठ आजही आपल्यात आहेत. पाणी आणि औषध सोडले तर तो एक तास आपण आजही पाळतो. म्हणजे रविवारी आपली कॉफी प्रभूसाठी थांबू शकते. मग इतर दिवशी मोबाइल कॉफीसाठी दहा मिनिटे का थांबू नये?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक विचार मनात ठसला: माणूस चांगली कृत्ये पुन्हा पुन्हा करूनच चांगला होतो. शांतीचेही तसेच आहे. ती एका रिट्रीटमध्ये मिळून वर्षभर पुरत नाही. रोज थोडी थोडी सवय लावावी लागते.

म्हणून उद्यापासून एवढेच करून पाहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बसा. क्रुसाची खूण करा. कपाची ऊब हाताला लागू द्या, वास घ्या आणि पहिल्या घोटाला कालच्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार माना. कप संपण्याआधी आज भेटणाऱ्या एका माणसाचे नाव प्रभूपुढे ठेवा. दिवसभरात त्या माणसाचे बोलणे पूर्ण ऐका. चहा पिणाऱ्यांनीही हेच करावे. पाच मिनिटेच असतील तर पाच मिनिटे पुरेत. पण केवळ स्वतःला बरे वाटावे म्हणून हे करू नका. शांत झालेल्या मनाला शेजारच्याचे दुःख ऐकू येते, ते या कपाचे खरे फळ.

आणि शेवटी पुरुषमंडळींना एक विनंती. आपल्या घरात सर्वांना कॉफी-चहा देऊन झाल्यावर स्वतःचा गार झालेला कप ओट्याशी उभ्याने कोण पिते, ते जरा पाहा. ती दहा मिनिटे तिलाही हवी आहेत. समुद्रकिनाऱ्यावर न्याहारी शिष्यांनी केली नव्हती. ती प्रभूने केली होती. आज मिस्साहून घरी गेल्यावर तुम्ही कॉफी करा. तिला बसवा, कप हातात द्या, आणि मग विचारा, 'कशी आहेस?' उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.

आपला,
धर्मगुरू