ब्रह्म ‘ते’, मौसी ‘ती’

राखीपौर्णिमा झाली की जुन्या भोपाळात मंगळवारा-बुधवारा भागातून किन्नरांची भुजरियाची मिरवणूक निघते. अंगावर ठेवणीतल्या साड्या, डोक्यावर टोपल्यांत रुजवलेले गव्हाचे कोवळे कोंब, म्हणजेच भुजरिया, सोबत ढोल. नवाबी काळात दुष्काळ पडला, किन्नरांनी साकडं घातलं आणि पाऊस आला, तेव्हापासूनची ही प्रथा, अशी आख्यायिका शहरात सांगतात. बघ्यांपैकी कोणी म्हणतं, ‘वो आ रही हैं.’ हिंदीतलं ‘वो’ लिंगाबद्दल मूग गिळून बसतं. पुढचं क्रियापद मात्र सगळं सांगून टाकतं.

मराठीत एवढीही आडवाट नाही. तो, ती, ते यांतलं एक निवडावंच लागतं. ‘ते’ नपुंसकलिंगी, म्हणून तटस्थ असेल असं वाटतं खरं, पण तान्ह्या मुलाला ते शोभतं. मोठ्या माणसाबद्दल ‘ते आलं’ म्हटलं की सरळ हेटाळणी होते. ‘ते आले’ आदराचं, पण पुरुषाचंच.

आणि याच नपुंसकलिंगात आपल्या परंपरेने सर्वांत मोठं तत्त्व ठेवलं आहे: ब्रह्म. उपनिषदांनी त्याला ‘तत्’ म्हटलं. निर्गुणाला लिंग कुठून असणार? तर्क बिनतोड आहे, पण ‘तत्’वर रुसता येत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही. वारकऱ्यांनी मग विठोबाची विठाई केली, ज्ञानोबांना माउली म्हटलं. पुल्लिंगी नाव आणि स्त्रीलिंगी हाक यांवरून एखादी दिंडी अडल्याचं ऐकिवात नाही.

सर्वनाम एक केलं की प्रश्न मिटेल, असं मानणाऱ्यांनी भोपाळच्या इतिहासाकडे पाहावं. इथल्या दरबारी फारसीत पुरुष, स्त्री, ईश्वर सगळ्यांना ‘ऊ’ हे एकच सर्वनाम. तुर्कीत तसंच ‘ओ’, बंगालीत ‘शे’. स्वीडिश अकादमीने 2015 मध्ये ‘हेन’ या लिंगनिरपेक्ष सर्वनामाला कोशात जागा दिली. भोपाळवर 1819 ते 1926 या काळात चार बेगमांनी राज्य केलं, पण त्याचं श्रेय व्याकरणाला देता येणार नाही. तीच फारसी दिल्ली आणि हैदराबादच्या दरबारांतही होती. तिथे अशी परंपरा उभी राहिली नाही. आजचा इराणही फारसीच बोलतो.

खरी गाठ पडते ती कागदावर. मध्य प्रदेशातल्या कटनीत महिलांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर किन्नर कमला जान निवडून आल्या. निवडणुकीला आव्हान मिळालं, ती रद्द झाली आणि 2003 मध्ये उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. कारण? कायद्याच्या लेखी कमला जान पुरुष. मतदारांची ‘ती’ न्यायालयात ‘तो’ ठरली! त्याच काळात भोपाळच्या विधानसभेत सोहागपूरच्या आमदार म्हणून किन्नर समाजातल्याच शबनम मौसी बसत होत्या. ‘मौसी’ या नात्याच्या हाकेतच त्यांचं लिंग लोकांनी मान्य केलं होतं.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरीही मराठी बातम्यांत एकाच परिच्छेदात एकाच व्यक्तीचा ‘तो’ आणि ‘ती’ झालेला दिसतो. त्यासाठी नवं सर्वनाम घडवत बसण्याची गरज नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांना आधी विचारा आणि त्यांनी सांगितलं तसंच शेवटपर्यंत लिहा.