एकाच गुच्छातील तारे

भावंडांत भेद दिसला की आपण चटकन म्हणतो, "याचा पिंडच वेगळा!" हा निवाडा न्याय्य आहे काय?

उष्णतेने अणूंतून इलेक्ट्रॉन किती सुटतात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली कलकत्त्यात मांडले. त्यातून उमगले की, ताऱ्यांच्या वर्णपटांतील बहुतेक फरक द्रव्याचे नसून तापमानाचे असतात.

गोलाकार तारकागुच्छांत मात्र तापमानाचा हिशेब करूनही भेद उरतो. एकाच गुच्छातल्या काही ताऱ्यांत सोडियम अधिक, ऑक्सिजन कमी आढळतो. तरीही परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने ते एकत्र बांधलेले राहतात.

म्हणून वाचकहो, प्रथम दुसऱ्याने सोसलेली आच जाणावी. त्यानंतरही जो भेद उरेल, तो नाकारू नये आणि त्यास दोषही म्हणू नये. ऐक्याला सारखेपणाची अट नसते.