कोळ्याची अहिंसा

योग शब्दाचा अर्थ विचारला असता सुशिक्षित मनुष्य बहुधा ‘जीवात्म्याचा परमात्म्याशी संयोग’ असे उत्तर देतो. हा अर्थ निराधार नव्हे. पण पतंजलीच्या सूत्रांस तो नीट लागू पडत नाही. ऋग्वेदात ‘युज्’ धातू रथास घोडे जुंपण्याविषयी येतो. कठोपनिषदाने इंद्रियांस घोडे व बुद्धीस सारथी कल्पून तो रथ मनुष्याच्या देहात आणला. पाणिनीय धातुपाठात समाधी या अर्थाचा ‘युज्’ निराळा दिला आहे, आणि व्यासभाष्य योग म्हणजे समाधी असे आरंभीच सांगते. पतंजलीचे साध्य तर पुरुषास प्रकृतीहून वेगळे ओळखणे. म्हणजे एका परीने वियोगच होय.

असो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ साली २१ जून हा योगदिन ठरविल्यापासून योग म्हणजे आसने, हा समज अधिकच दृढ झाला आहे. आसनांनी आरोग्य सुधारते हे आम्हांस मान्य आहे. तथापि जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्यास अवघी तीन आली आहेत, आणि आठ अंगांत पहिला मान यमांचा आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे यम जाती, देश, काल व प्रसंग यांनी मर्यादित नसतील तरच ते महाव्रत होत, असे सूत्रकार म्हणतो. यावर भाष्यकाराने मासे मारणाऱ्या कोळ्याचे उदाहरण घेतले आहे. तो मासेच मारतो, अन्य प्राणी मारीत नाही. ही अहिंसा जातीने मर्यादित. तीर्थक्षेत्री मारणार नाही, ही देशाने. चतुर्दशीस मारणार नाही, ही कालाने.

आम्हांस हा कोळी फार ओळखीचा वाटतो. घरात मुलांना खोटे बोलू न देणारा गृहस्थ प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना निराळाच मनुष्य होतो. मुलाच्या लग्नात ‘आमचे मागणे काही नाही, तुमच्या हौसेने काय ते करा’ असे सुचविणाऱ्या वरपित्याचा अपरिग्रहही त्याच मासल्याचा. कोळ्याच्या मागे निदान पोटाची गरज तरी होती!

यावर कोणी म्हणेल, महाव्रत हे संन्याशाचे. संसारी माणसास ते झेपावयाचे नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही; संसारात दुसऱ्याच्या भल्यासाठी सत्य झाकावे लागते, हे आम्हीही जाणतो. परंतु सूत्रात आश्रमाची अट कोठेही घातलेली नाही. ही सवलत आपण होऊन घेतलेली आहे, आणि पहाटे सतरंजी अंथरून बसणाऱ्यांपैकी किती जणांस तिची आठवण असते?