न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते का, हा भारतीय तत्त्वज्ञानातला फार जुना वाद आहे. ईश्वर, आत्मा, प्रकृती, परलोक यांच्याविषयीची कितीतरी भांडणे शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. त्याचे उदाहरण मात्र दूर शोधावे लागत नाही. जुन्या संगणकाला नवी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क लावली की तो प्रश्न टेबलावरच उभा राहतो.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या वाचनालयात विंडोज एक्सपीवर चालणारा संगणक आहे आणि त्याला चार टेराबाइटची नवी डिस्क जोडली आहे. डिस्कमध्ये जुन्या पोथ्यांच्या पानांची छायाचित्रे आहेत. दिवा लागतो, आत तबकडी फिरल्याची घरघर ऐकू येते, पण पडद्यावर डिस्कचे चिन्ह उमटत नाही. लहान क्षमतेची, एक्सफॅट पद्धतीने मांडलेली डिस्क लावली तर निराळाच प्रकार होतो. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का, असे संगणक विचारतो. या विचारण्यात प्रमाणशास्त्राची एक ठळक चूक आहे. संगणकाला ती मांडणी वाचता येत नाही, एवढेच खरे असते. तो मात्र डिस्क कोरी असल्याचा निवाडा देतो. समोरच्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून ‘हो’ म्हटले, की चुकीच्या अनुमानाचे खऱ्या नुकसानात रूपांतर होते.

चार्वाकांची भूमिका या संगणकाच्या जवळची आहे. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण ते मानत नाहीत. जे प्रत्यक्षाला येत नाही त्याच्या अस्तित्वाला त्यांच्या लेखी आधार नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्यांना दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. न दिसणे म्हणजेच नसणे असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसेनाशी झाल्याबरोबर ती नष्ट झाली असे धरून ऊर बडवत बसावे लागेल. उत्तर मार्मिक आहे, पण अपुरे आहे. सगळेच न दिसणे निरर्थक ठरवले, तर रिकाम्या माठात पाणी नाही हेसुद्धा कोणाला ठामपणे सांगता येणार नाही. कोणते न दिसणे पुरावा म्हणून धरायचे आणि कोणते नाही, हे ठरवण्याची कसोटी हवी.

त्या दिशेने एक नेटके पाऊल सांख्यांनी टाकले. ईश्वरकृष्णांच्या ‘सांख्यकारिके’तली सातवी कारिका, असलेली वस्तूही न दिसण्याची आठ कारणे मोजते: अति दूर असणे, अति जवळ असणे, इंद्रिय निकामी होणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा येणे, प्रबळ वस्तूने दुर्बळ वस्तू झाकली जाणे आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. टीकाकारांची उदाहरणे घरगुती आहेत. उंच उडालेला पक्षी, डोळ्यातले काजळ, भिंतीपलीकडचा माणूस, सूर्यापुढे न दिसणाऱ्या चांदण्या. ही कारिका संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. डिस्क दिसत नसताना तोही, नकळत, हीच यादी तपासत असतो.

इंद्रिय निकामी होणे म्हणजे इथे यूएसबीचे तोंड सैल झालेले असणे किंवा त्यातल्या पट्ट्या गंजलेल्या असणे. मन ठिकाणावर नसणे म्हणजे वायर, तोंड, डिस्क सगळे धड असूनही त्या उपकरणाशी बोलणारा ड्रायव्हर संगणकात नसणे. विंडोज ९८ मध्ये अशा डिस्कसाठी तो वेगळा भरावा लागे. आडोसा म्हणजे सांकेतिक कुलूप. प्रबळाने दुर्बळाला झाकण्याचा प्रकार विजेच्या बाबतीत घडतो. यूएसबी २.० चे तोंड जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यासाठी आखलेले आहे, यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर. तबकडी सुरू होताना नव्या डिस्कची गरज जुन्या तोंडाच्या आवाक्याबाहेर जाते, आणि एकाच हबवर आणखी दोन उपकरणे असली तर डिस्कच्या वाट्याला पुरेशी वीज येतच नाही. मग ती टकटक करते, थांबते, पुन्हा सुरू होते. अशा वेळी ती संगणकाच्या मागच्या तोंडाला थेट जोडावी, किंवा स्वतंत्र वीज घेणारा हब वापरावा. सारख्यांत मिसळून जाणे हाही नेहमीचा दोष आहे: डिस्कला मिळायचे अक्षर आधीच दुसऱ्या ड्राइव्हने घेतलेले असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदलले की ती समोर येते. अति जवळ असण्याला मात्र इथे जोड सापडत नाही, आणि ती ओढूनताणून लावण्यात अर्थ नाही.

सूक्ष्मतेपाशी थोडे थांबावे लागते, कारण जुना संगणक आणि नवी डिस्क यांच्यातला खरा पेच तिथे आहे. डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या एमबीआर या जुन्या पद्धतीत जागेचा पत्ता ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटांचा एक कप्पा धरला, तर तिला सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा मोजताच येत नाही. म्हणून मोठ्या डिस्कवर जीपीटी ही नवी पद्धत वापरतात. एक्सपीच्या ३२ बिटी आवृत्तीला जीपीटी कळत नाही. पण जीपीटी आखणाऱ्यांनी एक दूरदृष्टी दाखवली. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात त्यांनी जुन्या पद्धतीची एक नोंद ठेवायला लावली. जुन्या संगणकाला या नोंदीवरून एवढेच कळते की, डिस्क कुठल्याशा अनोळखी विभागाने व्यापलेली आहे, ती मोकळी नाही. आत काय आहे हे ज्याला समजणार नाही, त्याला निदान आत काहीतरी आहे एवढे तरी समजावे, अशी ही सोय आहे. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीपुढे हात आवरता यावा म्हणून केलेली इतकी विचारपूर्वक व्यवस्था इतर शास्त्रांत क्वचितच दिसते. एक्सफॅटच्या बाबतीत मात्र जुन्या एक्सपीचा तोल जातो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेली पुरवणी भरलेली नसेल, तर तो थेट फॉरमॅटचा प्रश्न विचारतो.

सांख्यांचा पुढचा मुद्दा असा की, प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्मतेमुळे, अभावामुळे नव्हे; तिची कार्ये दिसतात आणि त्यांवरून ती कळते. तबकडीची घरघर आणि लागलेला दिवा ही अशीच कार्ये होत. डोळ्याला चिन्ह दिसत नसले तरी अनुमानाला डिस्क मिळालेली असते.

नेमकी कसोटी मात्र मीमांसकांकडे सापडते. कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले. प्रभाकरांनी ते नाकारले. त्यांच्या मते अभाव म्हणून निराळा पदार्थच नाही, रिकामी जमीन दिसते एवढेच. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मानला, पण तो इंद्रियांनीच कळतो असे म्हटले. या तिहेरी वादातून ‘योग्यानुपलब्धी’ ही कल्पना पक्की झाली. वस्तू तिथे असती तर ती आढळलीच असती, अशी सगळी सामग्री हजर असताना ती आढळली नाही, तरच न आढळणे हा नसण्याचा पुरावा ठरतो. भर उजेडात, धड डोळ्यांनी पाहिलेल्या माठात पाणी दिसले नाही, तर पाणी नाही. अंधारात दिसले नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. ज्या संगणकाला जीपीटी वाचता येत नाही, त्याचे ‘नाही’ हे अंधारातले ‘नाही’ आहे.

या कसोटीत एक धोकाही आहे. कोणत्याही असिद्ध गोष्टीच्या बचावासाठी, पाहणाऱ्याचीच योग्यता नाही, असे म्हणून मोकळे होता येते. धर्माच्या क्षेत्रात हे सर्रास झाले आहे: अनुभव आला नाही ना, मग तुझा अधिकार कमी. चार्वाकाचा आक्षेप इथे बळकट आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगणकाच्या बाबतीत योग्यता वेगळी तपासता येते. त्याच तोंडाला चालू पेनड्राइव्ह लावावा. तो दिसला तर तोंड ठीक आहे. तीच डिस्क नव्या संगणकाला लावावी. तिथे उघडली तर दोष डिस्कचा नाही. अधिकाराची भाषा धर्मातही तेव्हाच सार्थ होते, जेव्हा तो अधिकार कशाने येतो हे सांगितलेले असते आणि तो मिळवण्याची वाट सर्वांना मोकळी असते.

महानुभाव पंथाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, आणि त्याचा एक धागा यवतमाळात येतो. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात आपले तत्त्वज्ञान मराठीत सांगितले आणि स्त्रिया व शूद्र यांना संन्यासाचे दार उघडले. पंथाचे आचार्य नागदेव यांनी विद्वान शिष्यांचा संस्कृतचा आग्रह मोडून काढला तो याच कारणाने: संस्कृतात लिहिले तर साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ मानणाऱ्या या मतात, जीव स्वतःच्या बळावर परमेश्वराला जाणू शकत नाही. परमेश्वरच जीवाला कळेल असे मनुष्यरूप धारण करून येतो. योग्यतेचा भार इथे एकट्या पाहणाऱ्यावर टाकलेला नाही. दिसणाऱ्यानेही आपले रूप पाहणाऱ्याच्या आवाक्यात आणायचे असते.

त्याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या गुप्त लिप्यांत लिहिल्या. चौदाव्या शतकातल्या रवळोबासांच्या नावावर असलेली सकळ लिपी ही त्यांतली सर्वांत प्रचलित. शिवाय सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी अशा इतरही. नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरावीक दुसऱ्या खुणा योजायच्या, हे सकळचे तत्त्व. खुणांची किल्ली ज्याच्याजवळ, त्याला पोथी सरळ मराठीत बोलते. इतरांसाठी ती मुकी. परिणाम असा झाला की, मराठी साहित्याच्या सुरुवातीच्या इतिहासकारांनी ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा वगळून इतिहास लिहिला. ग्रंथ मठांत होते, वाचलेही जात होते. इतिहासकारांचे न आढळणे योग्यानुपलब्धी नव्हते, तरी त्यावर ‘नाही’चा निवाडा दिला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडली, वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय वाचकांसमोर मांडले, आणि यवतमाळचे संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहून त्याचा विस्तार दाखवून दिला. यवतमाळच्या शारदाश्रमात हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीतून. सर्वांसाठी मराठी निवडणाऱ्या पंथाने तिलाच कुलूप लावावे, ही विसंगती चटका लावणारी आहे. पोथ्यांचे पावित्र्य आणि परक्यांपासून रक्षण ही कारणे समजण्यासारखी आहेत, पण मराठी वाचकाला त्यासाठी कित्येक शतके थांबावे लागले.

आता खरोखरच्या अभावाकडे वळायला हवे. नैयायिक अभावाचे चार प्रकार सांगतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, तिन्ही काळी नसणे हा अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसणे हा अन्योन्याभाव. चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कबाबत विचारायचे ते हेच: यांतला कोणता? झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची नोंदवही कोरी होते, मजकूर जागच्या जागी राहतो. त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत तो परत मिळण्याची आशा असते. म्हणून अशा डिस्कवर पुढे एक अक्षरही न लिहिणे हा पहिला नियम. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो. तिथे प्रध्वंस झाला, आणि प्रध्वंसाभावाला आरंभ असतो पण अंत नसतो असे नैयायिक म्हणतात. जुन्या संगणकाला मजकूर द्यायचाच असेल, तर डिस्क आधी नव्या यंत्रावर उघडावी आणि हव्या त्या फायली एमबीआर व एनटीएफएस पद्धतीच्या लहान डिस्कवर उतरवून द्याव्यात. एफएटी३२ वर चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रध्वंसानंतर काय उरते, याचे उत्तर ‘लीळाचरित्रा’ने एकदा दिले आहे. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी, ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून गोळा केल्या आणि नागदेवांकडून तपासून घेतल्या. पंथाची परंपरा सांगते की, चौदाव्या शतकाच्या आरंभी मुसलमानी फौजांच्या धामधुमीत ती मूळ प्रत हरवली. ग्रंथ गेला, पण तो काहींना मुखोद्गत होता. हिराइसेला पाठ असलेल्या मजकुरावरून आणि इतरांच्या स्मरणावरून तो पुन्हा लिहिला गेला. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी शब्दशः जुळली नाही, म्हणून ‘लीळाचरित्रा’च्या पोथ्यांत निरनिराळे पाठ आढळतात, आणि ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना एकेका लीळेसाठी पोथीला पोथी ताडून पाहावी लागली.