झोप झाली का?

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असते तेव्हा आखणीवाल्याच्या मागे उभं राहून कोणी घाई करत नाही. हात थकला की बुबुळ सरकतं आणि अख्ख्या मूर्तीचा भाव जातो, हे कारखानदाराला पक्कं ठाऊक असतं. माती मळणारा, साचा भरणारा, कागदाने मूर्ती घासणारी बाई, यांच्या वाट्याला ही सवलत क्वचितच येते. त्यांचा थकवा मूर्तीवर दिसत नाही ना!

२०२५ साली तर पेणजवळच्या हमरापूर-जोहे या मूर्तिकारांच्या पट्ट्याचा जीव टांगणीला लागला होता. पीओपीच्या मूर्ती घडवायच्या की नाही, याचा उलगडा उच्च न्यायालयात जूनमध्ये झाला. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. कर्ज काढून बसलेल्या माणसाचा अशा दिवसांत डोळ्याला डोळा लागत नाही, आणि मग त्याचा राग हाताखालच्या पोरांवर निघतो.

थकलेल्या हाताचा प्रश्न मूर्तींपुरताच नाही. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी पाळी सुरू होताना सुपरवायझर सगळ्यांना गोळा करून सूचना देतो: हेल्मेट, गॉगल, बूट, वर्क परमिट. टाकीत उतरायचं तर आधी आतली हवा तपासतात. उतरणाऱ्याची रात्र कशी गेली, हे मात्र राहून जातं. घरी मूल तापाने फणफणलेलं, वर सलग नाइट. आणि व्हॉल्व्ह फिरवणारा हात त्याचाच.

त्या सूचनांत एक प्रश्न वाढवा: झोप झाली का? ‘नाही’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी हलकं काम द्या, पण त्याची हजेरी कापू नका. तो कंत्राटी असला तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवू नका. एवढी हमी नसेल तर सगळे ‘झाली साहेब’ म्हणूनच मोकळे होतील.

झोप उडण्यामागे मनाचा त्रासही असू शकतो. नैराश्य आणि चिंतेपायी जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर टाइम ऑफिसच्या फळ्यावर जरूर लिहा. पण रासायनिक कारखान्यात मोबाइल बहुधा गेटवरच जमा होतो. तेव्हा फर्स्ट एड रूममधला फोन त्यासाठी मोकळा ठेवा, आणि बोलणाऱ्याला आतून कडी लावून घेऊ द्या.